थेंबेकाकांचं बोट

नट आवळला की गळती थांबते, एवढं यंत्रशास्त्र मला उपजतच येत होतं. तोच नट आणखी थोडा आवळला की काय होतं, हे मात्र एका शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता कळलं. पेन्सिलीचं टोक मोडावं तसा ‘कट्’ असा आवाज आला आणि काळपट तेलाची एक धार माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापासून चौथ्या बटणापर्यंत तिरपी रेघ ओढून गेली. पाठोपाठ गाडीच्या पोटाखाली वर उचलून धरलेला पात्यांचा जड डबा, दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसासारखा हुश्श करत जमिनीवर बसला. माझ्या हातात दोन फुटी पाना होता. त्याच्या दांड्याला जोर यावा म्हणून मी वर एक लोखंडी पाइपही चढवला होता. म्हणजे पुरावा भरपूर होता.

गाडी माझी नव्हती, धाकट्या बहिणीची होती. गाडी म्हणजे गवत कापायची, वर बसून चालवायची. दिसायला ट्रॅक्टरचं शेंडेफळ. सीट, स्टिअरिंग, मोठी मागची चाकं, पोटाखाली फिरणारी पाती आणि ती पाती वरखाली करायला तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. दांडा मागे ओढला की पंप तेल ढकलतो, तेल एका नळीतून सिलिंडरमध्ये जातं, सिलिंडर डबा उचलतो. हे मला आता माहीत आहे. त्या शनिवारी माहीत असतं तर पाइप जागच्या जागी राहिला असता.

आवाज ऐकून धाकटी शेडमध्ये आली. तिनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्या शर्टाकडे.

“दादा, काय केलंस?”

“मी कुठं काय केलं? आवळला फक्त.”

“किती?”

“पुरेसा.”

“आठवडाभर मी चालवतेय ही. एक थेंब नाही सांडला.”

“अगं, थेंब होता! सकाळी येऊन बघतो तर उजव्या चाकापाशी रुपयाएवढा डाग. वर पाहिलं तर नट ओला. काल संध्याकाळी मी जरा चार फेऱ्या मारून तपासली नसती तर तुला कळलंही नसतं. निरीक्षण लागतं त्याला.”

तिनं कोपऱ्यातलं एक फडकं घेतलं, त्याची चौकोनी घडी घातली आणि तेलावर ठेवलं. धाकटी चिडली की घड्या घालते. बावीस वर्षं तिनं इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. पुढे इस्पितळानं कपडे बाहेर धुवायला द्यायचं ठरवलं आणि खातंच बंद झालं. त्यानंतरचे चार महिने ती घरी बसून जे दिसेल त्याच्या घड्या घालत होती. वर्तमानपत्रं, पिशव्या, एकदा तर माझं न वाचलेलं टपाल. मोठा भाऊ या नात्यानं मी तिला बसल्या जागी करता येतील असे सात व्यवसाय कागदावर क्रमवार लिहून दिले. तिनं त्या कागदाचीही घडी घातली.

मग एक दिवस ती इस्पितळाच्या बागेच्या साहेबांकडे जाऊन उभी राहिली. म्हणाली, “बावीस वर्षं धुलाईच्या खिडकीतून तुमचं गवत बघितलंय. कापणारे वाकडं कापतात. मला द्या.” साहेब कमी बोलणारे. ते म्हणाले, “मशीन आणा. सोमवारी आठ वाजता पुढची हिरवळ कापून दाखवा. पण एक सांगतो, आधीच्या माणसाच्या मशीनचं तेल गळायचं. जिथं थेंब पडला तिथं गवत जळून पिवळं पडलं. आजारी माणसं खिडकीतून बघतात, त्यांना डाग दिसता कामा नये. तेल सांडलं तर काम नाही.”

म्हणून तिनं ही जुनी गाडी आणली होती. आणि सोमवारला उरलेले दोन दिवस आता शेडच्या जमिनीवर पसरत चालले होते.

“थेंबेकाकांना फोन लाव,” ती म्हणाली. “धुलाईतलं इस्त्रीचं मोठं मशीन तेच दुरुस्त करायचे. आणि बोल तूच. केलंस तू.”

फोनवर पलीकडून खर्जातला आवाज आला, “बोला, मोठ्यानं.”

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. चाळीस वर्षं लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या. शब्दांच्या बाबतीत आपल्याला कुणी पकडेल अशी धास्ती मला कधी वाटली नाही. मी स्वच्छ, शुद्ध भाषेत सांगितलं, “आमच्या यंत्रातून तेलाची गळती होत आहे.”

“गळतंय?”

“हो.”

“की पाझरतंय?”

“म्हणजे?”

“नुसता घाम सुटलाय, पाझरतंय, ठिबकतंय, गळतंय, की धार लागलीय? पाच वेगळी दुखणी आहेत ही. सगळ्याला गळती म्हटलं की माणूस पिशवीत काय काय भरणार?”

चाळीस वर्षांत प्रथमच माझ्या वाक्यावर कुणी लाल खूण केली होती.

“सकाळी ठिबकत होतं,” मी विचार करून म्हणालो. “आता… धार आहे.”

“मधे काय झालं?”

“मधे मी.”

“येतो,” काका म्हणाले. “तोवर कशालाही हात लावू नका.”

थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे, हे मला त्या दिवशी दुपारी कळलं. पत्रा दाबून भांडी आणि झाकणं काढणाऱ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं दुरुस्तीखात्यात होते. तिथली यंत्रं तेलाच्या दाबावर चालायची, आणि कुठं ओलं दिसलं की हे थेंबाचा माग काढत फिरायचे. त्यावरून कुणीतरी ‘थेंबे’ म्हणू लागलं. निरोपाच्या दिवशी कारखान्यानं जे घड्याळ दिलं त्यावरही थेंबे असंच कोरलंय. खरं आडनाव विचारलं तर म्हणतात, “रेशनकार्डावर आहे ते. वापरात नाही.”

सत्तरीचा, काटकुळा, पाठीत किंचित वाकलेला माणूस. वाकलेला म्हाताऱ्यासारखा नाही. जमिनीवर पडलेलं काही शोधतोय असा. आल्या आल्या त्यांनी मला नमस्कार केला नाही, माझ्या शर्टाला केला. म्हणजे जवळ येऊन त्या तिरप्या रेघेचा वास घेतला.

“तेल जळकं नाही,” ते धाकटीला म्हणाले. “पंप चांगला आहे, ताई. घाबरू नका.”

तोवर ती घाबरलीय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नटाचं काम तासाभरात झालं. मी आवळून फोडलेला भाग त्यांनी काढला आणि पिशवीतल्या डब्यातून तसाच दुसरा शोधून बसवला. त्यात एक नवी ओ-रिंग घातली. ओ-रिंग म्हणजे रबराची बारीक कडी. खरं तेल अडवते ती ही कडी. नटाचं काम तिला फक्त धरून ठेवायचं. “लोकांना वाटतं नट अडवतो. मग ते नटाला पिळतात,” काका म्हणाले. लोकांना म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

“झालं तर मग!” मी हात झटकून म्हणालो.

काका उलट्या बादलीवर बसले होते. “काय झालं?”

“गळती थांबली.”

“धार थांबली. ती तुमची होती. पण तुम्ही नटाला पाना लावलात कशाला?”

“थेंब होता म्हणून.”

“तो थेंब अजून सापडलेला नाही.”

हे ऐकलं आणि माझ्यातला मुद्रितशोधक खडबडून जागा झाला. खरंच की! मोडायच्या आधी नट ओला होता. पण ओला होता म्हणजे तिथूनच गळत होतं कशावरून? काका म्हणाले, “तेल चालतं हो. नळीवरून, सांगाड्यावरून, बोल्टाच्या डोक्यावरून. जिथं निघतं तिथं ते थांबत नाही, आणि दिसतं तिथं ते राहत नाही.” मला एकदम तेलाबद्दल आदरच वाटू लागला. आतापर्यंत ते मला नुसतं मळकं वाटत होतं.

मग शोध सुरू झाला. धाकटीनं आणि काकांनी गाडीचं सगळं पोट रॉकेलनं धुतलं आणि कोरडं पुसलं. मी फडकी पुरवत होतो. मग काकांनी विचारलं, “घरात पावडर आहे का? तोंडाला लावायची?”

धाकटीनं आपला गुलाबाच्या वासाचा डबा आणून दिला. काकांनी तो नळ्यांवर, सांगाड्यावर, सिलिंडरवर मनसोक्त शिंपडला. गाडी समारंभाला निघाल्यासारखी दिसू लागली. “आता जिथून येईल तिथं काळी वाट उमटेल,” ते म्हणाले. “आता हिला बोलू द्या.”

हँडब्रेक लावून इंजिन सुरू केलं. काकांनी बाजूला उभं राहून दांडा ओढला, सोडला, ओढला, सोडला. डबा वर, डबा खाली. वीस वेळा. आम्ही तिघं तीन बाजूंनी वाकून बघतोय. पावडर पांढरीशुभ्र.

धाकटीनं गाडीवर बसून आवारात दहा मिनिटं फेऱ्या मारल्या. पुन्हा वाकलो. पावडर पांढरीशुभ्र.

“लाजतेय,” मी म्हणालो.

काका हसले नाहीत. ते बादलीवर बसून गाडीकडे असे बघत राहिले, जशी एखादी आजी खोटं बोलणाऱ्या नातवाकडे बघते. रागानं नाही, नुसतं आता काय सांगतोस बघू म्हणून. मग त्यांनी विचारलं, “काल संध्याकाळी हिच्यावर कोण बसलं होतं?”

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“बसा,” काका मला म्हणाले.

मी बसलो. माझं वजन किती हा प्रश्न इथं गौण आहे. ते दोन आकडी आहे एवढं सांगतो, आणि लवकरच तसं राहणार नाही अशी डॉक्टरांना भीती आहे. सीटखालच्या स्प्रिंगा ‘अगं आई’ असं काहीतरी म्हणाल्या. काकांनी मला दांडा ओढायला सांगितलं. मी ओढला.

“हां!” खालून काकांचा आवाज आला.

“आलं! काका, आलं!” धाकटीचा आवाज.

“काय आलं?” मी.

“उठू नका!”

जगातली एवढी गंमत माझ्या बुडाखाली चाललेली, आणि ती बघायची मला एकट्याला सोय नाही. मी दोनदा अर्धा उठलो आणि पुन्हा बसलो. “कुठं आलं? काळी वाट दिसतेय का? सांगा तरी!”

“सीटखाली. नळीपासून निघालीय आणि सांगाड्यावरून उजव्या चाकाकडे चाललीय. अगदी नटापर्यंत,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चार महिन्यांत मी असा ऐकला नव्हता. “दादा, तू उठलास की थांबतं! बसलास की येतं!”

“माझं बोट कुठाय?” खालून काकांनी विचारलं. “ताई, माझं बोट द्या.”

माझ्या अंगावर काटा आला. पण धाकटीनं शांतपणे त्यांच्या पिशवीतून बुटाच्या खोक्याचा एक कापलेला पुठ्ठा काढून दिला. मला राहवेना. मीही सीटवरूनच वाकलो आणि नक्की कुठून येतंय ते चाचपावं म्हणून सीटखाली हात घातला.

फटका असा बसला की मनगट झिणझिणलं.

“बोटं जास्त झालीत का तुम्हाला?” काकांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. त्याचं पहिलं बोट मधल्या पेराशीच संपत होतं. मग त्यांनी हातातला पुठ्ठा नळीच्या जवळ, पण न टेकवता, सावकाश सरकवला. पुठ्ठ्यावर केसासारखी बारीक, ठिपक्याठिपक्यांची ओली रेघ उमटली. हवेत मात्र काहीच दिसत नव्हतं.

“दिसत नाही म्हणून ते नाही असं नसतं,” काका म्हणाले. “उतरा आता.”

मग त्यांनी नळी सोडवून काढली आणि उजेडाला धरली. सीटखाली एक लोखंडी पट्टी होती. वजनदार माणूस बसला की स्प्रिंग दबायची आणि पट्टी नळीवर टेकायची. धाकटीच्या वजनानं ती टेकतच नव्हती. वर्षानुवर्षं घासून नळीचं रबर एका जागी सोललं होतं आणि तिथं सुईच्या टोकाएवढं भोक होतं. काकांनी नळी दोन बोटांत फिरवली, आणि मग ते एकटेच बोलल्यासारखे बोलू लागले.

“याच्या आधीचा मालक यांच्याएवढाच होता. थोडा जास्तच. डाव्या अंगावर कलून बसायचा. कंबर दुखत असणार. आणि गाडी सकाळी गार असतानाच जोरात चालवायचा, धीर नव्हता.”

धाकटीनं तोंडावर हात घेतला. “काका, तो कंबरेला पट्टा बांधूनच गाडी दाखवायला आला होता! उभा होता तोही डावीकडे कलून. पण धीर नव्हता हे कसं कळलं?”

“गार रबर कडक असतं. त्यावर घासलं की असे उभे तडे जातात,” काका म्हणाले. “नळी कुणाचं काही लपवत नाही.”

“मग सोपंच आहे,” धाकटी म्हणाली. “दादानं बसायचं नाही. संपलं.”

“नाही संपलं. आज यांच्या वजनानं येतंय, उद्या तुम्ही खड्ड्यात आदळलात की येईल. भर हिरवळीवर. नळी गेलेली आहे. नवी करावी लागेल.” एव्हाना संध्याकाळ झाली होती. बंद झालेली दुकानं आता सोमवारी दहाला उघडणार होती आणि परीक्षा आठला होती. काकांनी जुनी नळी गुंडाळून पिशवीत टाकली. “उद्या सकाळी घरी या. तिथं करू.”

रविवारी आम्ही गेलो. दोन खोल्यांचं घर आणि मागं पत्र्याची पडवी. पडवीत भिंतीला नळ्यांची भेंडोळी, खिळ्यांवर मापानुसार लटकवलेल्या कड्या, आणि लाकडी बाकावर हातानं दांडा मारून नळीच्या टोकाला धातूची टोपी घट्ट दाबायचं एक जुनं यंत्र. कारखाना बंद झाला तेव्हा सगळे भंगारात काढलेल्या खुर्च्या नेत होते. काकांनी हे मागून घेतलं. पडवी एखाद्या वाचनालयासारखी नीट होती. फक्त एक गोष्ट माझ्या कानाला खटकत होती. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. खाली पत्र्याचा डबा, त्यात थेंब पडत होता. टण्. थोडं थांबून टण्.

काकू चहा घेऊन आल्या. मी न राहवून म्हणालो, “काकू, नळ गळतोय.”

“गळत नाही, ठिबकतोय,” यंत्रावरून काकांचा आवाज आला.

“जगाचं सगळं कोरडं करून झालं की याच्याकडे बघणार आहेत,” काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “मी दोनदा वॉशर बदलून घेतला. दोन्ही वेळा यांनी काढून जुना घातला.”

“का पण?”

“एकतीस वर्षं त्या धडधडाटात गेली. कान जात चाललेत. सकाळी उठले की आधी इथं येऊन उभे राहतात. टण् ऐकू आलं की मग चहा.” त्यांनी पदरानं कप पुसला. “ऐकू नाही आलं त्या दिवशी बघू, म्हणतात. मी डबा बदलते मधूनमधून. जरा जास्त वाजणारा ठेवते. त्यांना माहीत नाही.”

नळीच्या एका टोकाला टोपी दाबून होईपर्यंत मी बोटाचा विषय काढला. काकांनी दांडा मारता मारताच सांगितलं. बावीस वर्षांचे होते. एका मशीनच्या पाइपवर ओल दिसली, पण कुठून ते कळेना. पाइपवरून बोट फिरवत गेले. मुंगी चावल्यासारखं झालं. रक्तही नाही, भोकही दिसेना. हसले आणि कामाला लागले. तेल कातडीत घुसलं होतं. संध्याकाळी हात सुजून भोपळ्यासारखा झाला. डॉक्टरांनी पंजा वाचवला, बोट अर्धं ठेवलं.

“मग भीती नाही वाटली पुन्हा त्याच कामाला जायला?”

“वाटली. राग जास्त आला,” काका म्हणाले. “दिसलंच नव्हतं हो मला! अर्धं बोट गेलं, आणि भोक कुठं होतं ते मी बघितलंच नाही. दुसऱ्याच कुणीतरी पाइप बदलून टाकला. दीड महिन्यानं परत गेलो तर नवा पाइप.” त्यांनी दांडा सोडला. “अजून वाटतं, कुठं असेल ते?”

म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं हा माणूस एका भोकाच्या मागावर होता. मी माझ्या चाळीस वर्षांच्या वेलांट्या आठवून बघितल्या. त्यातल्या एकीचंही मला पुढं काय झालं असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी शेडमध्ये नवी नळी बसली. सीटखालच्या पट्टीपासून चार बोटं लांबून, वरून रबराचं वेष्टण आणि दोन जागी क्लिपा. शेवटचा नट आवळायला काकांनी धाकटीला सांगितलं. मी पाना घेऊन पुढं झालोच होतो. काकांनी तो माझ्या हातातून काढून तिला दिला.

“आधी हातानं फिरवा. टेकला? आता पान्यानं पाव फेरा. बास.”

“आणखी थोडा…” मी म्हणालो.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याची घडी घालायला घेतली.

मग मला गाडीवर बसवण्यात आलं. “तपासणीचं वजन म्हणून,” धाकटी म्हणाली. तासभर मी आवारात फिरत होतो. पावडर पांढरीशुभ्र राहिली. आयुष्यात मी इतका उपयोगी क्वचितच पडलो असेन.

सोमवारी आठ वाजता इस्पितळाच्या पुढच्या हिरवळीवर साहेब हात मागे बांधून उभे होते. वरच्या खिडक्यांत चारपाच चेहरे. धाकटी गाडीवर बसली. काका आणि मी कुंपणाला टेकलो. म्हणजे काका टेकले. मी कुंपणाच्या बाजूनं तिच्याबरोबर चालत होतो.

“हळू! डावीकडे घे! अगं, झाडाकडे बघ! दांडा! दांडा ओढ!”

तिसऱ्या फेरीला ती माझ्याजवळून जाताना म्हणाली, “दादा, रुग्ण झोपलेत,” आणि पुढं गेली.

गवत तिनं असं कापलं की हिरवळीवर फिकट आणि गडद पट्टे उमटले, चादरीच्या घड्या उलगडल्यावर दिसतात तसे सरळ. साहेबांनी पायांनी गवत दाबत एक फेरी मारली आणि म्हणाले, “मशीन इथंच उभं राहू दे. पंधरा मिनिटं. मला खाली बघायचंय.”

काकांनी पिशवीतून मोठा पुठ्ठा काढला आणि गाडीखाली सरकवला. आम्ही चौघं चार बाजूंनी उभे राहिलो. पाच मिनिटं. सात मिनिटं. आणि आठव्या मिनिटाला पुठ्ठ्यावर, अगदी उजव्या चाकापाशी, एक काळा ठिपका पडला.

साहेबांनी बोट दाखवलं. “हे काय?”

धाकटीनं हातातला रुमाल घेतला. एक घडी. दुसरी घडी. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे. आणखी एक ठिपका पडला.

“साहेब,” काका म्हणाले, “जरा थांबा. वाळू द्या.”

“वाळू द्या म्हणजे?”

“सकाळचं दव आहे गवतावर. गाडीच्या पोटाला लागलंय, ते ठिबकतंय. पाणी असेल तर वाळेल. तेल असेल तर वाळणार नाही, मी स्वतः ही गाडी इथून ढकलत नेतो.”

पुठ्ठा ओढून उन्हात ठेवला. आम्ही चौघं दोन ठिपक्यांभोवती उकिडवे बसलो. साहेबसुद्धा. वरच्या खिडकीतून कुणीतरी खोकून विचारलं, “काय सापडलं हो?” ठिपक्यांच्या कडा आधी फिकट झाल्या. मग मधला भाग आक्रसत आक्रसत मोहरीएवढा झाला. मग पुठ्ठा नुसता पुठ्ठा उरला.

साहेब गुडघ्यावर हात देऊन उठले. “मंगळवार आणि शुक्रवार,” ते धाकटीला म्हणाले. “सकाळी आठ. आणि कडेचे वाफेही बघा जमलं तर.” जाता जाता वळून त्यांनी काकांना विचारलं, “तो पुठ्ठा मिळेल का एक?”

धाकटीनं रुमालाच्या सगळ्या घड्या मोडल्या, त्यात तोंड लपवलं, आणि मग जरा वेळानं ती पुन्हा गाडीवर चढून मागची हिरवळ कापायला निघूनसुद्धा गेली. कुणी सांगितलं नव्हतं. मी कुंपणापर्यंत धावलो, “अगं सावकाश! मागच्या बाजूला उतार आहे!” असं ओरडलो, आणि परत काकांजवळ आलो. ते पुठ्ठा पिशवीत घालत होते.

“काका,” मी धापा टाकत विचारलं, “खरं सांगा. आता पुन्हा नाही ना गळणार?”

“तुम्ही हात लावला नाहीत, तर नाही.”